वडिलांना झटका आला तेव्हा त्यांचं वय काय होतं?

केसपेपरवर ‘फॅमिली हिस्ट्री’च्या पुढे बहुतेक वेळा ‘विशेष काही नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून घरात आजार नाहीत असं समजायचं कारण नाही. बाहेर पंधरा पेशंट बसलेले असतात, डॉक्टर ‘घरात कुणाला बीपी-शुगर?’ म्हणतात, पेशंट मान हलवतो आणि रकाना भरतो.

आता लग्न झालेल्या बाईला हाच प्रश्न विचारून बघा. ती सासूची शुगर आणि सासऱ्यांची बायपास सांगेल. तिच्या मुलांच्या दृष्टीने ही माहिती मोलाची आहे, तिच्या स्वतःच्या जनुकांशी त्या माहितीचा काही संबंध नाही. ‘माहेरी आई-वडिलांना काय होतं, भावंडांना काय आहे?’ असंच विचारावं लागतं. सांगितलेल्या निदानावरही लगेच विसंबू नये. ‘अटॅक आला’ म्हणजे कधी हृदयविकार असतो, कधी पक्षाघात. ‘पोटाचा कॅन्सर’ जठराचा होता, मोठ्या आतड्याचा की अंडाशयाचा, यावर पुढच्या पिढीच्या तपासण्या ठरतात. जुनं डिस्चार्ज कार्ड घरात कुठेतरी असतंच, ते मागवावं. फिट्स आणि मानसिक आजार तर लपवलेच जातात, घरात मुलीचं लग्न व्हायचं असेल तर जास्तच. अशा वेळी सोबतच्या मंडळींना बाहेर बसवून विचारलेलं बरं.

नीट घेतलेली हिस्ट्री कागदावर काढतात. तीन पिढ्या, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजार असेल तर आकृती भरीव, व्यक्ती हयात नसेल तर तिच्यावर तिरकी रेघ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. मामेबहीण-आतेभावाची लग्नं आपल्याकडे होत आली आहेत, त्यामुळे ही दुहेरी रेघ विसरून चालत नाही. प्रत्येक भरीव आकृतीशेजारी एक आकडा हवा: आजार कळला तेव्हाचं वय. सगळ्यात जास्त गाळला जातो तो हाच. वडील किंवा भावाला 55च्या आत, आई किंवा बहिणीला 65च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो ‘लवकर’ धरतात. आजोबांना 80व्या वर्षी आलेल्या झटक्यावरून नातवाबद्दल फारसं काही कळत नाही.

वयाला एवढं महत्त्व का, हे फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया या आनुवंशिक आजारात फार सुंदर दिसतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल मुख्यतः एलडीएल नावाच्या कणांमधून फिरतं. यकृतातल्या पेशींच्या पृष्ठभागावर हे कण पकडणारे रिसेप्टर असतात. रिसेप्टर कण पकडून पेशीत नेतो, आतल्या आम्लधर्मी पिशवीत सोडतो आणि उतारू उतरवून परतणाऱ्या नावेसारखा पुन्हा पृष्ठभागावर येतो. एक फेरी साधारण दहा मिनिटांची. ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांना 1985चं नोबेल मिळालं ते कोलेस्टेरॉलच्या नियमनाचा हा उलगडा केल्याबद्दल.

या रिसेप्टरच्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यातली एक सदोष असली की कामाचे रिसेप्टर निम्मे होतात आणि एलडीएल जवळपास दुप्पट. तेही जन्मापासून. आता ढोबळ गणित करू. एलडीएल 120 असलेल्या माणसाच्या धमन्यांवर 64 वर्षांत 120 गुणिले 64, म्हणजे 7,680 एवढा भार पडतो. 220 एलडीएल असलेला माणूस 35व्या वर्षीच 7,700वर पोचतो. बारीक, बिडी-दारू न पिणाऱ्या माणसाला चाळिशीच्या आतबाहेर झटका येतो तेव्हा त्याच्या धमन्या साठीच्या झालेल्या असू शकतात. नवरा-बायको दोघांकडेही एकेक सदोष प्रत असेल तर प्रत्येक मुलाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता 25 टक्के. अशा मुलांना विशीच्या आतही झटका येऊ शकतो. नात्यातल्या लग्नात दोघांकडेही तीच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो, दुहेरी रेघेचं महत्त्व ते हेच.

‘त्या घराण्यात पुरुष पन्नाशी गाठत नाहीत’ असं कुणी म्हटलं की पितृदोषाचा विषय निघतो आणि नारायण नागबळीसाठी पैसे जमवले जातात. त्याच्या किरकोळ भागात सगळ्या भावंडांचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी होते. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ‘डीएनए कुंडली’च्या किटचीही इथे गरज नाही.

एलडीएल 190च्या वर असेल तर आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रथिन तपासावं, कारण थायरॉइड मंदावल्यावर आणि मूत्रपिंडाच्या काही आजारांतही ते वाढतं. मग टाचेच्या वरच्या कंडरेवर बोटं फिरवून बघावीत. ती जाड, गाठाळ लागली तर निदान बरंचसं झालंच. स्टॅटिनची गोळी पेशीच्या आत कोलेस्टेरॉल तयार होणं कमी करते, पेशीला टंचाई जाणवते आणि ती चांगल्या प्रतीवरून जास्त रिसेप्टर बनवू लागते.

मधुमेहाचा हिशेब वेगळा, तिथे अनेक जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात. चेन्नईत तयार झालेल्या भारतीय मधुमेह जोखीम गुणांकनात आई-वडील दोघांना मधुमेह असेल तर 20 गुण, व्यायाम नाही आणि कामही बैठं असेल तर 30. एकूण 60 किंवा जास्त म्हणजे धोका मोठा. आनुवंशिकतेकडे बोट दाखवून खुर्चीत बसून राहणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

कोलेस्टेरॉलच्या या आजाराचा एक पेशंट सापडला की त्याचं प्रत्येक सख्खं भावंड आणि प्रत्येक मूल यांची शक्यता 50 टक्के धरून तपासणी करायची. मुलांमध्ये औषध साधारण 8 ते 10व्या वर्षापासून सुरू करता येतं. अडचण अशी, की पेशंटच्या परवानगीशिवाय डॉक्टर त्याच्या भावाला फोन करू शकत नाहीत, आणि भावाला काही होत नसल्यामुळे तो आपणहून येत नाही. त्यावर साधा उपाय चिठ्ठीचा: आजाराचं नाव, पेशंटचं एलडीएल, झटका आला तेव्हाचं वय आणि ‘लिपिड प्रोफाइल करून जवळच्या डॉक्टरांना दाखवा’ एवढं लिहून जितकी भावंडं तितक्या प्रती पेशंटच्या हातात द्यायच्या, आणि पुढच्या खेपेला कुणाकुणाचे रिपोर्ट आले ते विचारायचं.