हिरवा डाग पुसला गेला, पण जखम भरली का?

नागिणीची दोन टोकं भिडली की माणूस दगावतो, असं अजूनही कितीतरी घरांत ठामपणे सांगितलं जातं. मग गेरूचा लेप लागतो, मंत्र टाकून नागीण 'उतरवली' जाते. नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो नसेच्या मुळाशी दबून राहतो आणि पुन्हा उठतो तेव्हा शरीराच्या एकाच बाजूला, त्या नसेच्या पट्ट्यात पसरतो. टोकं भिडणार कशी? खरा धोका वेगळाच आहे. कपाळावर नागीण उठली आणि नाकाच्या शेंड्यावरही फोड आले, तर डोळ्याला जाणारी नसही तिच्या तडाख्यात सापडली असण्याची शक्यता फार मोठी. अशा वेळी विषाणूरोधक गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू व्हायला हव्यात. नेमका तोच वेळ गेरू लावण्यात जातो.

डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल, ज्याला आपण कॉर्निया म्हणतो. मध्यभागी त्याची जाडी सुमारे 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. या पडद्यात त्वचेपेक्षा शेकडो पट दाट चेतातंतू असतात. ते फक्त दुखणं कळवत नाहीत. पापणी मिटवणं, अश्रू आणणं आणि वरच्या पेशींना वाढीची रसायनं पुरवणं हेही त्यांचंच काम. नागीण, हर्पिस सिम्प्लेक्स हा तिच्याच कुळातला दुसरा विषाणू, दीर्घकाळचा मधुमेह, कुष्ठरोग, मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया किंवा भूल देणाऱ्या थेंबांचा गैरवापर यांमुळे हे तंतू मेले, की पेशी झडतात पण नव्या नीट येत नाहीत. याला न्यूरोट्रॉफिक केराटायटिस म्हणतात. जखम आहे आणि दुखत मात्र नाही, म्हणून रुग्ण उशिरा येतो. 'दुखायचं थांबलं, म्हणजे बरं झालं' हा आपला रोजचा हिशोब इथे पूर्ण उलटा पडतो.

उपचार पायरीपायरीने होतात: प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू, रुग्णाच्याच रक्तातल्या सीरमचे (पेशी काढून उरलेल्या द्रवाचे) थेंब, गर्भपटलाचं (गर्भाभोवतीच्या पातळ पापुद्र्याचं) आवरण, गरज पडल्यास पापण्या काही काळ शिवून ठेवणं. चेतावर्धक प्रथिनाचे सेनेजर्मिन नावाचे थेंबही आहेत. ते दर दोन तासांनी, दिवसातून 6 वेळा, असे 8 आठवडे घालायचे असतात. हे प्रथिन शोधणाऱ्या रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना 1986चं नोबेल मिळालं. थेंब सुरू झाले, पण जखम खरोखर भरते आहे हे कळायचं कसं?

पहिली नेहमीची पद्धत फ्लुरोसीन या चमकणाऱ्या रंगाची. रंगाची पट्टी सलाइनच्या एका थेंबाने ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवतात, पापण्या एकदोनदा मिटवायला सांगतात आणि निळ्या प्रकाशात, पिवळ्या गाळणीतून फोटो घेतात. पेशी नसलेली जागा हिरवी चमकते. तिची सर्वांत लांब रेघ आणि तिला काटकोनातली दुसरी रेघ मिलिमीटरमध्ये मोजतात. इथे चुका ठरलेल्या असतात. फोटोला चारपाच मिनिटं उशीर झाला, तर रंग सैल कडांखाली झिरपतो आणि जखम मोठी दिसते. उलट, पेशींनी झाकलेल्या पण खोलगट राहिलेल्या जागी रंग नुसता साचतो आणि भरलेली जखम उघडी वाटते. सेनेजर्मिनच्या चाचण्यांत सुरुवातीला 0.5 मिमीपेक्षा कमी डाग उरला तरी 'भरली' असं धरलं होतं. व्याख्या इतकी महत्त्वाची ठरते.

फोटोत खोली दिसत नाही. ती दाखवतं ओसीटी, म्हणजे प्रकाशाने डोळ्यातल्या थरांचा उभा छेद दाखवणारं यंत्र, आणि त्याची युक्ती विलक्षण आहे. ध्वनीचा प्रतिध्वनी मोजतात तसा इथे प्रकाशाचा मोजायचा. पण 5 मायक्रॉनचा फरक म्हणजे जाण्यायेण्यात काही दशक फेम्टोसेकंदांचा (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग) फरक, आणि तेवढं मोजणारं घड्याळ नाही. म्हणून प्रकाशाचा एक भाग डोळ्यात आणि दुसरा आरशाकडे पाठवतात आणि परतलेले दोन्ही एकत्र करतात. प्रकाश मुद्दाम अनेक तरंगलांबींचा घेतात. परतलेल्या प्रकाशाचा वर्णपट पसरवला, की त्यात उजेड-अंधाराच्या लाटा दिसतात. थर जितका खोल, तितक्या या लाटा दाट. फुरिये रूपांतराने, म्हणजे मिसळलेल्या लाटा वेगळ्या करणाऱ्या गणिताने, लाटांची दाटी मोजली की प्रत्येक थराचं अंतर मिळतं. हे दर सेकंदाला हजारो वेळा, डोळ्याला स्पर्शही न करता.

आता खरी गंमत. निरोगी डोळ्यात वरच्या पेशींचा थर सुमारे 50 मायक्रॉन. जखमेत त्याखालचा मुख्य थर वितळून खड्डा पडला असेल, तर भरताना पेशी त्या खड्ड्यात जाड साचून पृष्ठभाग सपाट करतात. बाहेरून सगळं ठीक, पण खालचा भाग पातळच. म्हणून एकूण जाडीवर भरवसा ठेवू नये. सुजेनेही जाडी वाढते. ती घटली तर सूज उतरली असेल किंवा थर वितळत असेल. वरचा आणि खालचा थर वेगवेगळा मोजला तरच हे कळतं. मोजमाप दर वेळी त्याच रेषेवर हवं. तपासणीच्या आधी जेल किंवा मलम घातलं, तर त्याची जाडीही मोजली जाते.

चेतातंतू परतले का, हे कॉनफोकल मायक्रोस्कोपी, म्हणजे जिवंत डोळ्यातल्या पेशी आणि तंतू मोठे करून दाखवणारी तपासणी, सांगते. तिच्या एका चौकटीत 400 गुणिले 400 मायक्रॉन एवढीच जागा मावते. चांगली दिसलेली एखादीच चौकट निवडली तर निकाल फसवा येतो, म्हणून पारपटलाच्या मध्याच्या जरा खाली असलेल्या भोवऱ्यासारख्या रचनेभोवतीच्या अनेक चौकटी घ्याव्यात. या तपासणीत यंत्राचं टोक डोळ्याला टेकतं आणि भुलीचे थेंब लागतात, त्यामुळे उघड्या जखमेवर ती टाळलेलीच बरी.

तपासणीचा क्रमही याच कारणाने ठरतो. आधी काही न लावता ओसीटी, मग नायलॉनच्या बारीक धाग्याने संवेदना, त्यानंतर फ्लुरोसीन, आणि भुलीचा थेंब सर्वांत शेवटी. तो आधी पडला, तर धागा टेकल्यावर रुग्ण 'काही कळत नाही' म्हणेल आणि ते उत्तर रोगाचं की औषधाचं, हे सांगता येणार नाही.