पावतीवर किंमत लिहिली म्हणजे विमा झाला?

कुरियरच्या पावतीवर मालाची किंमत लिहिली की पार्सलचा विमा आपोआप उतरतो, असं बरेच जण मानतात. तसं होत नाही. ती किंमत कर आणि ई-वे बिलासारख्या (माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) कागदपत्रांसाठी असते. जोखमीचं शुल्क वेगळं भरलं नसेल, तर माल साधारणपणे ‘ओनर्स रिस्क’वर, म्हणजे तुमच्याच जबाबदारीवर जातो. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत भरपाईची मर्यादा छापलेली असते (ती कुणी वाचू नये अशाच आकारात!). ‘फ्रॅजाइल’ची चिकटपट्टी तर फक्त हमालाला विनंती.

म्हणून सेवा निवडताना दराआधी विचारा: विमा कोण देतं, कशाला लागू नाही? काच, दागिने, घरगुती खाद्यपदार्थ बहुधा वगळलेले असतात. खोका फाटका आला तर सही करताना तसा शेरा लिहा, उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि वेष्टन फेकू नका; ‘पॅकिंग अपुरं होतं’ हे दावा फेटाळण्याचं लाडकं कारण असतं. विमा कंपनीकडे दावा करण्याची मुदत काही दिवसांचीच असू शकते. रस्त्याने गेलेल्या मालाबद्दल वाहतूकदारावर दावा लावायचा, तर २००७च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार (कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट) आधी लेखी नोटीस हवी, तीही बुकिंगपासून १८० दिवसांत. फोनवरची तक्रार तिथे चालत नाही.