भांड्यावर नाव कुणाचं? आपल्याकडच्या आहेराची पार्श्वभूमी

भाचीचं लग्न मे महिन्यात आहे, तासगावला कार्यालय बुक झालंय, आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिनाभर एकच विषय चाललाय, मामाने काय द्यायचं. कुणी म्हणतंय एअर फ्रायर दे, कुणी म्हणतंय गिफ्ट कार्ड दे, वहिनी म्हणतीय चांदीचा करंडा कधी वाया जात नाही. भाचीचं वेगळंच, "मामा, नुसतं पाकीट नको हं, आठवणीत राहील असं काहीतरी दे." माझ्या आजीच्या लग्नात कुठल्या नवरीने असं म्हणलं असतं तर मांडवातली माणसं बघतच राहिली असती, कारण आपल्याकडं कुणी काय द्यायचं हे आधीच ठरलेलं असायचं आणि उरलेला सगळा वहीतला हिशोब. तर जरा मागं जाऊन बघू, मलाही ठरवायला बरं पडेल.

आहेराची वही ज्यांनी बघितलीय त्यांना जास्त सांगायला नको. मांडवाच्या कडेला सतरंजीवर एक हिशोबाचा माणूस बसायचा, बऱ्याचदा गावातले गुरुजीच, लाल कापडी बांधणीची लांबट वही, शेजारी पेटी. नाव, गाव, रक्कम, आणि कापडाचा आहेर असेल तर टॉवेल, टोपी, पातळ, खण असं एकेका शब्दात. दुसरा एकजण माईकवर ओरडणार, कवठ्याचे पाव्हणे अमुक अमुक यांच्याकडून अकरा रुपये आणि पातळ. शहरातल्या लोकांना हे जरा गावठी वाटायचं पण ती सरळ सरळ पावती होती, चारशे माणसांसमोर दिलेली. मग दोन-चार वर्षांनी त्या पाव्हण्याच्या घरी कार्य निघालं की आमचे आजोबा माळ्यावरनं वही काढायचे, बोटानं ओळ शोधायचे, आपल्याला अकरा आलेत, मग एकवीस घालू. अकराचे अकराच घातले तर चालायचं, पण कमी घातले तर पुढच्या यात्रेपर्यंत चर्चा. म्हणजे बघा, लग्नाचा खर्च एकदम अंगावर येतो, तेव्हा गावभावकी मिळून बिनव्याजी पैसा उभा करायची आणि तो फिरत राहायचा, भिशीसारखाच, फक्त नंबर कधी लागणार ते पोरं-पोरी मोठी होतील तसं.

तो वरचा एक रुपया पण त्यातलाच. शून्यावर हिशोब संपवायचा नाही, पुढं चालू ठेवायचा, म्हणून अकरा, एकवीस, एकावन्न, एकशे एक. गरिबाघरी सव्वा रुपया चालायचा, तो मात्र आता नुसता बोलण्यात राहिलाय कारण ३० जून २०११ नंतर पावली चलनातच नाही. पाकिटाला चिकटवलेलं रुपयाचं नाणं टिकून आहे.

जवळच्या नात्यांचं तर ठरलेलंच. मामाकडनं हळदीची पिवळी साडी, आईबापाकडनं संसाराची भांडी, हंडा, कळशी, परात, समई, जमेल तसं सोनं. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा आणि त्याला कानपिळीचा मान मिळायचा. मामाला कुणी विचारायचं नाही काय देतोस, आणि मामा पण विचारायचा नाही काय पाहिजे.

पण दिलेलं नेमकं कुणाचं, हा प्रश्न लई जुना आहे. मनुस्मृतीत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितलेत, अग्नीसमोर दिलेलं, सासरी निघताना दिलेलं, प्रेमानं दिलेलं, आणि भावाकडनं, आईकडनं, बापाकडनं आलेलं. पुढं कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (१०७६ ते ११२६), विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका लिहिली आणि त्यात ही व्याख्या आणखी रुंद केली, वारशानं आलेलं, विकत घेतलेलं, वाटणीत मिळालेलं पण तिचंच असं मांडलं. ही कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. कागदावर हे सगळं छान होतं. घरात मात्र दागिन्याच्या डब्याची किल्ली सासूच्या कमरेला असायची, आणि नडीच्या वेळी पहिल्यांदा मोडायच्या त्या सुनेच्याच पाटल्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली, १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्त्रीधन सासरच्या घरात ठेवलं म्हणून ते नवऱ्याचं होत नाही, मागितल्यावर परत दिलं नाही तर तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो.

त्याच वर्षीची एक गंमत आहे जी फार कमी जणांना माहिती असते. हुंडाबंदी कायदा १९६१ चा. त्यात न मागता दिलेल्या भेटींना मोकळीक आहे पण त्यांची यादी करायला पाहिजे, आणि त्या यादीचे नियम २ ऑक्टोबर १९८५ पासून लागू झाले. त्या यादीत काय पाहिजे, तर वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नात्यातला असेल तर नातं काय, आणि खाली वधूवरांच्या सह्या. अहो ही आपली आहेराची वहीच झाली की! फक्त नवरीच्या भेटींची यादी नवरीकडं आणि नवरदेवाच्या भेटींची नवरदेवाकडं, एवढीच सरकारने भर घातली. अशी यादी केलेलं एक लग्न मी आजवर बघितलेलं नाही, आणि शेकड्यांनी लग्नं जेवलोय.

आता हे सगळं देणंघेणंच नको म्हणणारी परंपरा पण आपल्याच भागातली, हे विसरायला नको. जोतिराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातलं, सावित्रीबाईंचं माहेर नायगाव, खंडाळा तालुक्यातलं. १८७३ ला सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीशिवाय, कमी खर्चात. मग १९४२ नंतर प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना बाजूला सारून गावोगाव चालवलेला आपला कारभार. तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळं सातारा जिल्ह्यातच होतं, दक्षिण सातारा १९४९ ला वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. क्रांतिसिंह नाना पाटलांनी गावोगाव गांधी लग्नं लावली, बँड नाही, मानपान नाही, हुंडा नाही, सावकाराकडं जायची वेळच येऊ द्यायची नाही. आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगमधल्या पोरांना जेवायला काय घालायचं असा प्रश्न पडला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्र पण. स्त्रीधनाचा असा वापर मिताक्षरेत पण सुचलेला नसेल.

सोन्याचं थोडक्यात सांगतो कारण तो मोठा विषय आहे. सांगलीत गाडगीळांची पेढी १८३२ पासूनची, आणि खानापूर-आटपाडी पट्ट्यातली माणसं तर गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली, सोनंचांदी गाळून शुद्ध करायचं काम. दुष्काळी माळरान, शेतात काय पिकणार, म्हणून पोरगं बाहेर पाठवायचं. ही मंडळी यात्रेला आणि लग्नसराईला गावी येतात, आणि मग त्या भागातल्या लग्नात भाचीला काय घातलं याची चर्चा तोळ्यातच होते. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी १४ कॅरेटच्या वर दागिने घडवायला बंदी घातली तेव्हा सोनारांचे हाल झाले, ती अट १९६६ ला सुटली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत होताच.

तरी माझ्या मते आपल्या आहेरातली खरी गोष्ट सोन्यात नाही, भांड्यात आहे. आमच्या घरी, सांगलीच्या गावभागात, आजीचा तांब्याचा हंडा आहे. गळ्याखाली गोल फिरवून अक्षरं टोचलीत, छिन्नी आणि छोट्या हातोडीनं, ठिपक्याला ठिपका लावून. "चि. सौ. कां. हौसा हिस मामाकडून सन १९५२". एक वेलांटी चुकलीय आणि कां वरचा टिंब तर कुठच्या कुठं गेलाय. लग्नात नवरदेवाने ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहायचं आणि नवरी त्या क्षणापासून त्या नावाची व्हायची, तशी हौसाची लक्ष्मी झाली. रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, मतदार यादीत लक्ष्मीबाई, सातबाऱ्यावर लक्ष्मीबाई, मृत्यूच्या दाखल्यावर पण तेच. भांडं लग्नाआधी घेतलेलं, म्हणून त्यावर तेवढं माहेरचं नाव राहिलं. तिला अक्षरओळख नव्हती, पण पाणी भरताना त्या ठिपक्यांवरनं अंगठा फिरवायची, ते मी लहानपणी बघितलंय.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या खालच्या मजल्यात गळ्याएवढं पाणी होतं. उतरल्यावर आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम म्हणजे नुसता लगदा, एकाचं तोंड दुसऱ्याला चिकटलेलं. आजोबांची आहेराची वही पण गेली, शाई पसरून सगळी पानं निळी, कुणाचे किती देणं लागतो ते आता कृष्णामाईलाच माहिती. हंडा कोपऱ्यात चिखलानं भरून बसलेला. चिंच आणि राख लावून घासला, तासाभरात अक्षरं वर.

तांब्यापितळेला कल्हई लागायची, आंबट ठेवलं की कळकायचं, कल्हईवाला यायचा, भाता, नवसागराचा धूर, कापसाचा बोळा फिरला की आतनं चांदीसारखं चकचकीत. मग स्टील आलं आणि ही कटकट मिटली, आणि पाच-दहा वर्षांत आहेरातनं पितळ हद्दपार. १९५९ पासून देशी प्रेशर कुकर, १९६१ पासून एचएमटीची घड्याळं, जावयाच्या मनगटावर एचएमटी म्हणजे काय थाट होता. स्टीलवर नाव घालायला विजेचं पेन, दोन मिनिटात खर्रखर्र काम. पण बघा, नाव कुणाचं यायला लागलं? देणाऱ्याचं! इनिशियल, आडनाव, गाव, तारीख, कधीकधी दुकानाचं पण. नवरीचं नाव हळूहळू गायबच. आणि लेमन सेट, त्याबद्दल काय बोलायचं, आमच्या आत्याने दिलेला लेमन सेट तीन लग्नं फिरून चौथ्या लग्नात तिलाच परत आला, खोक्यावरचा तिच्याच हातचा कागद न काढता.

आता पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नयेत" छापतात, आणि त्याच मांडवात कुठंतरी क्यूआर कोड पण दिसतो. टॅक्सचं एकजण विचारत होता म्हणून सांगतो, एरवी नात्याबाहेरच्यांकडनं वर्षाला ५० हजारांच्या वर भेटी आल्या तर त्या उत्पन्नात धरतात, पण स्वतःच्या लग्नात आलेल्या भेटींना तो नियम नाही, आणि मामा तर नात्यातलाच.

तर मी आधी ठरवलेलं की आजीचा हंडाच भाचीला द्यायचा. आईला विचारलं तर म्हणली, "तो मी आहे तोवर घरातनं हलायचा नाही." विषय संपला. मग परवा पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात जाऊन तांब्याची नवीन कळशी घेतली, जाड पत्र्याची, आणि म्हणलं नाव टोचून पाहिजे, हातोडीनं. दुकानदार हसला, टोचणारे त्याचे वडील होते, आता पेनच आहे म्हणला, पण ठिपके ठिपके करून देतो. मग पेन हातात घेऊन विचारतोय, "नाव माहेरचं घालू का सासरचं?" भाचीला तिथनंच फोन लावला. ती म्हणली, "मामा, मी नाव बदलणार नाहीये, आहे तेच घाल."

"मग एकच नाव," दुकानदार म्हणला, "खाली मामाकडून एवढंच का गावाचं पण?"

म्हणलं गावाचं राहू दे, सन घाला.