८५,७४१ किल्ल्या आणि गंजाचं गणित

नोव्हेंबर १९८९. चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्राग इथे वेन्सेस्लास चौकात जमलेल्या लोकांनी खिशातले किल्ल्यांचे जुडगे बाहेर काढले आणि डोक्यावर धरून खुळखुळवले. कम्युनिस्ट राजवटीला निरोप होता : वेळ संपली, आता घरी जा. २४ नोव्हेंबरला पक्षाच्या नेतृत्वाने राजीनामा दिला, २९ डिसेंबरला राजवटीचे विरोधक असलेले नाटककार वाक्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. या क्रांतीची आठवण म्हणून शिल्पकार यिर्झी दाविद यांनी लोकांनी दिलेल्या ८५,७४१ किल्ल्यांचं शिल्प केलं. ते २०१० मध्ये प्रागमध्ये उभं राहिलं.

एक किल्ली सरासरी १० ग्रॅमची धरली, तर हा ऐवज साडेआठशे किलोंच्या आसपास जातो. वजन पेलणं अवघड नाही. खरी डोकेदुखी असते ती धातूंची. लोकांनी दिलेल्या ढिगात पितळ असतं, निकेलचा मुलामा दिलेलं पितळ असतं, जुनं पोलाद असतं आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव किल्ल्याही असतात. सगळं एकत्र वितळवायचं म्हटलं तर जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि लोखंड १५३८ अंशांना वितळतं. म्हणजे लोखंड पातळ होईपर्यंत बरंचसं जस्त पांढऱ्या धुरात उडून गेलेलं असतं, आणि तो धूर छातीत गेला की ताप भरतो. शिवाय वितळलेली किल्ली ही किल्ली राहत नाही, मग लोकांकडून मागितली कशाला?

म्हणून अशा शिल्पासाठी किल्ल्या न वितळवता तारेत ओवलेल्या बऱ्या, आणि त्याआधी निवड. प्लॅस्टिकच्या टोप्या, कड्या आणि पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या काढायच्या. मग चुंबक फिरवायचा : पोलाद झटकन चिकटतं, पितळ नाही. इथे फसगत होते ती निकेलमुळे. निकेल स्वतः चुंबकाला ओढलं जातं, त्यामुळे जोरदार चुंबकाने मुलामा दिलेली पितळी किल्लीही किंचित हलते. साधा, कमी ताकदीचा चुंबकच बरा.

धुण्यासाठी सौम्य साबण पुरतो. अमोनिया असलेला क्लीनर मात्र वापरू नये. ठोकून-कापून घडवलेल्या पितळात ताण साठलेला असतो आणि अमोनिया लागला की त्याला तडे जातात. ब्रिटिश फौजेला हा धडा भारतात पावसाळ्यात मिळाला होता : तबेल्यांजवळ ठेवलेली पितळी काडतुसं घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाने तडकत होती.

आता गंज. पाण्याचा पातळ थर असताना दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो. पितळ आणि पोलाद यांत झिजतं पोलाद. किती वेगाने, ते ठरतं क्षेत्रफळावर. शेकडो पितळी किल्ल्या साध्या पोलादी तारेत ओवल्या, तर सगळा मार त्या बारीक तारेवर पडतो आणि किल्ल्या शाबूत असताना तारच तुटते. तार स्टेनलेसची घेतली की डाव उलटतो. स्टेनलेस पितळापेक्षाही कमी क्रियाशील, म्हणून आता झिजायचं पितळाने, पण त्याचं क्षेत्रफळ एवढं मोठं की नुकसान पसरून नगण्य होतं. पोलादी किल्ल्या तरीही वेगळ्या तारेत ओवाव्यात, नाहीतर त्यांचा तांबूस ओघळ खालच्या पितळावर डाग पाडतो. वरून मेणाचा पातळ हात द्यावा आणि तो ठरावीक काळाने पुन्हा द्यावा. लाखेचा थर दिसायला चकचकीत खरा, पण एके ठिकाणी फुटला की त्याखाली ओल साचून राहते.

शेवटी आवाज. किल्ली आखूड आणि ताठ, म्हणून तिचं कंपन सेकंदाला हजारो वेळा होतं, आणि माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. त्यामुळेच गर्दीच्या गलक्यातही जुडगा ऐकू येतो. शिल्पात किल्ल्या मोकळ्या टांगल्या तर वाऱ्याने वाजतात, पण भोकापाशी घासून मुलामा जातो. मध्ये नायलॉनचे वॉशर घातले तर झीज थांबते, धातूला धातू टेकत नाही, आणि खुळखुळाटही दबतो.