फॉगरच्या पाटीवरचे मायक्रॉन

२०२० साली हवेतून निर्जंतुकीकरणाची मागणी एकदम वाढली आणि अडगळीत पडलेली बरीच अल्ट्रासोनिक फॉगिंग यंत्रं, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या जलद कंपनांनी द्रवाचं धुकं करणारे फॉगर, पुन्हा बाहेर निघाली. यंत्र चालू होतं, धुकंही निघतं; घोडं अडतं ते कागदावर. माहितीपुस्तिका गहाळ, बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली. हाताशी उरते मागच्या बाजूची पाटी : २४ व्होल्ट, १.७ मेगाहर्ट्झ (सेकंदाला १७ लाख कंपनं), कणांचा आकार १ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). यातला शेवटचा आकडा सगळे तोंडपाठ सांगतात, आणि पडताळायला सर्वांत अवघड तोच.

क्वार्ट्झच्या जोरदार कंपनांनी द्रवातून धुकं उठतं, हे १९२७ मध्येच नोंदलं गेलं होतं. स्वस्त आणि दमदार पिझो-सिरॅमिक चकत्या, म्हणजे वीज दिली की कंप पावणाऱ्या सिरॅमिकच्या चकत्या, दुसऱ्या महायुद्धानंतर आल्या. १९६०च्या दशकात रुग्णालयांत औषधाचं धुकं श्वासातून देणारे अल्ट्रासोनिक नेब्युलायझर दिसू लागले. पुढचे हवेत ओलावा सोडणारे ह्युमिडिफायर आणि फॉगर त्याच घराण्यातले.

मायक्रॉनचा आकडा येतो तो १९६२ सालच्या एका सूत्रातून. कंपनांमुळे द्रवाच्या पृष्ठभागावर बारीक लहरी उठतात. त्या लहरींच्या लांबीला ०.३४ ने गुणलं की थेंबाचा व्यास मिळतो. वारंवारता, द्रवाची घनता आणि पृष्ठताण एवढंच लागतं. साध्या पाण्यासाठी १.७ मेगाहर्ट्झला उत्तर येतं सुमारे २.९ मायक्रॉन, २.४ मेगाहर्ट्झला २.३ आणि ४० किलोहर्ट्झला तब्बल ३५. सूत्र इतकं सोपं की अनेक पाट्यांवरचा आकडा मोजलेला नसून काढलेला असावा, असा संशय घ्यायला जागा आहे.

मूळ प्रयोग वितळलेल्या मेणावर झाले होते, १० ते ८०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. थेंब गोठले की ते मोजता येत. म्हणजे मेगाहर्ट्झच्या यंत्राला ते सूत्र लावणं हीच मुळात पुढे ताणलेली रेघ. ती बऱ्यापैकी जुळते, हा भाग वेगळा. खरा गुंता दुसरीकडे आहे. मोजणी थेंबांच्या संख्येची होती, म्हणून मिळालेला व्यास संख्येवर आधारलेला मध्यक होता, म्हणजे निम्मे थेंब ज्याहून लहान तो आकार. नंतर थेंबांवरून विखुरणाऱ्या लेसर प्रकाशावरून आकार काढणारी, लेसर विवर्तनाची उपकरणं आली आणि घनफळावर आधारलेला मध्यक, म्हणजे निम्मा द्रव ज्याहून लहान थेंबांत आहे तो आकार, द्यायची पद्धत रूढ झाली. पाट्यांवर मात्र दोन्हींसाठी एकच शब्द राहिला : ‘कणांचा आकार’.

फरक किती पडतो ते बघा. समजा शंभर थेंब आहेत. नव्व्याण्णव ३ मायक्रॉनचे आणि एक ३० मायक्रॉनचा. संख्येचा मध्यक ३. पण घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं, त्यामुळे एकूण द्रवापैकी सुमारे ९१ टक्के त्या एकट्या थोराड थेंबात असतो आणि घनफळाचा मध्यक होतो ३०. दोन्ही आकडे खरे. विक्रेत्याने कुठला छापला असेल, हे वेगळं सांगायला नको. माझ्या मते, मध्यक कुठला ते न लिहिता मायक्रॉन छापण्याची मुभा राहिली ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी ढिलाई होती. द्रवाचा किती भाग तरंगेल आणि किती जमिनीवर बसेल, ते घनफळाच्या आकड्यावरूनच कळतं.

‘अल्ट्रासोनिक’ हा शब्दही सरळ नाही. पाण्यात बुडालेली चकती, किलोहर्ट्झच्या दोन आकडी वारंवारतेवर थरथरणारं धातूचं टोक, आणि दाबाच्या हवेवर शिट्टीसारखं चालणारं नोझल, या तिन्हींवर हाच शिक्का बसत आला. तिसऱ्या प्रकारात चकतीच नसते, त्यामुळे पाटीवर मेगाहर्ट्झ नसेल आणि मागे हवेची नळी जोडायची जागा असेल तर वरचं सूत्र बाजूला ठेवावं.

बुडीत चकतीच्या यंत्राची वारंवारता मात्र पडताळता येते. चकती जाडीच्या दिशेने कंप पावते, म्हणून १.७ मेगाहर्ट्झची चकती साधारण सव्वा मिलिमीटर जाड असते आणि २.४ ची त्याहून पातळ. चकतीवरचा पांढरा क्षार हलक्या हाताने काढून व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला की दुरुस्तीत कुणी भलतीच चकती बसवली असेल तर बहुधा तिथेच उघड होतं. ताशी किती मिलिलिटर, हे टाकी आधी आणि नंतर वजन करून कळतं. पण चकतीवर पाण्याची उंची किती होती हे सोबत लिहायलाच हवं. ती बदलली की उत्पादन बदलतं, आणि जुन्या पाट्या नेमकं हेच सांगत नाहीत.

जुने आकडे बहुतेक साध्या पाण्याचे. टाकीत जंतुनाशक ओतलं की पृष्ठताण बदलतो, चिकटपणा बदलतो आणि प्रश्नही बदलतो : थेंब केवढा यापेक्षा श्वासातून आत काय जातं, हा. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात मिसळायच्या जंतुनाशकांमुळे झालेले फुप्फुसांचे गंभीर आजार आणि मृत्यू २०११ मध्ये उघड झाले. यंत्रं नेमून दिल्याप्रमाणेच चालत होती; बारीक थेंब खोल श्वासात जात होते, इतकंच. त्यानंतर ‘१ ते ५ मायक्रॉन’ ही ओळ जाहिरातीपेक्षा इशाऱ्यासारखी वाचली जाऊ लागली.

२०२० मध्येच खोलीच्या हवेतून होणाऱ्या स्वयंचलित निर्जंतुकीकरणासाठी ईएन १७२७२ हे युरोपीय मानक आलं. त्यात यंत्र आणि रसायन यांची जोडी एकत्र तपासली जाते. नुसत्या यंत्राला प्रमाणपत्र मिळण्याची सोय नाही. त्याआधीच्या यंत्रांच्या पाट्यांवर रसायनाचं नाव सापडणं विरळाच.