अंटार्क्टिकाच्या जहाजावरचे दिवस : निघण्याआधी वाचायचे माहितीपत्रक

ठाण्याहून अंटार्क्टिकाला निघणाऱ्यांचा पहिला प्रश्न जेवणाचा असतो, दुसरा थंडीचा. शाकाहारी जेवण मिळते. जैन जेवण हवे असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा, बंदरावर पोचून सांगण्यात अर्थ नाही. डिसेंबर-जानेवारीत अंटार्क्टिक द्वीपकल्पावर तापमान शून्याच्या आसपास असते. बोचतो तो वारा. सवय करून घ्यायची ती एका वेगळ्याच गोष्टीची : तिथे वेळापत्रक हवामान ठरवते.

आमच्या कार्यक्रमपत्रिकेत मधल्या दिवसांपुढे फक्त ‘अंटार्क्टिक द्वीपकल्प’ असे छापलेले दिसेल. त्याहून जास्त लिहिले तर ती थाप ठरेल. उद्या कुठे उतरायचे ते मोहीमप्रमुख रोज संध्याकाळी सभागृहात नकाशा दाखवून सांगतो आणि सकाळी वारा फिरला की बेतही फिरतो. द्वीपकल्पाजवळची चिंचोळी लमेर सामुद्रधुनी बर्फाने अडली असेल तर जहाज मागे वळते. शेवटचा निर्णय कप्तानाचा. ‘पैसे भरलेत, उतरवा’ हे तिथे चालत नाही, आणि आम्हीही इथून फोन करून काही करू शकत नाही.

ड्रेक पॅसेज

अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून निघाल्यावर काही तास बीगल खाडीचे शांत पाणी, मग साधारण दोन दिवस ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला खुला समुद्र. येतानाही तेच. घाटात गाडी लागणाऱ्यांनी इथे बोट लागणार असेच धरून चालावे. गोळी मळमळायला लागल्यावर नव्हे, आधी घ्यायची. कोणती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन कमी हलते आणि बहुधा स्वस्तही असते. बाल्कनीच्या मोहात पडणाऱ्यांना आम्ही हे आवर्जून सांगतो. चालताना एक हात कायम कठड्याला, आणि दाराच्या चौकटीत बोटे कधीच नाहीत.

किनाऱ्यावर

उतरण्याआधी सगळ्यांचे कपडे, बॅगा, बूट तपासले जातात. येऊरला घालून गेलेले मोजे आणि व्हेल्क्रोची जॅकेटे आठवा : त्यात कुसळे असतातच. व्हॅक्यूम क्लीनर आणि चिमटा घेऊन ती काढावी लागतात. हा फाजील सोवळेपणा नव्हे; द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर बाहेरून आलेले गवत खरोखर रुजले आहे. चकली, थेपले, शेंगदाण्याची चिक्की, काहीही किनाऱ्यावर न्यायचे नाही. तिथे स्वच्छतागृहही नाही, तेव्हा चहा बेताने घ्या.

जहाजाहून किनाऱ्यापर्यंत झोडियॅक या रबरी बोटीतून जायचे. चढता-उतरताना खलाशाचा पंजा नाही, मनगटाच्या वरचा हात धरायचा. ओल्या हातमोज्यांची पकड सुटते. एका जागी एकावेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी उतरू शकतात. त्यामुळे दीड-दोनशेंच्या जहाजावर एक गट किनाऱ्यावर आणि दुसरा बोटीत हिमनगांमधून फिरतो. ५०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाच उतरता येत नाही. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयाटो’ या सहलचालकांच्या संघटनेचा हा नियम आहे, आणि स्वस्त दिसणारी मोठी जहाजे आम्ही सुचवत नाही त्याचे कारणही हेच.

पेंग्विनपासून ५ मीटर लांब राहायचे. तो स्वतः चालत आला तर तुम्ही थांबायचे, वाट त्याची. बर्ड फ्लूमुळे आता जमिनीवर बसायला, गुडघे टेकायला किंवा बॅग ठेवायलाही मनाई आहे. फोटोग्राफर मंडळी यावर कुरकुरतात. पेंग्विनच्या वसाहतीचा वास मात्र कोणत्याही फोटोत येत नाही. भाऊच्या धक्क्याची सवय असलेल्यांनाही तो जड जातो.

उन्हाळ्यात रात्र नावापुरती असते, म्हणून डोळ्यांवरची पट्टी आणा. बर्फावरून परतणारे ऊन चेहरा भाजते, तेव्हा सनस्क्रीन आणि गॉगल हवेतच. व्हिडिओ कॉलचा भरवसा धरू नका. भारताची मैत्री आणि भारती ही संशोधन केंद्रे खंडाच्या दुसऱ्या बाजूला आहेत, या मार्गावर दिसणार नाहीत. हा प्रश्न हमखास येतो.

तब्येत

जहाजावर डॉक्टर असतो, पण मोठे रुग्णालय दक्षिण अमेरिकेत, आणि तिथे नेणारे विमानही हवामानाच्या मर्जीवर. म्हणून रुग्णाला हलवण्याचा खर्च भरून देणारा विमा सक्तीचा आहे. वैद्यकीय फॉर्मवर रक्तदाब, मधुमेह लपवू नका. गुडघ्यांबद्दलही खरे सांगा, कारण जहाजाच्या बाजूच्या जिन्यावरून हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो. शंका असेल त्या आई-बाबांना, आजी-आजोबांना नौपाड्यातल्या आमच्या कार्यालयात घेऊन या, आम्ही फोटो दाखवून समजावू. सहलीला येताना जाड मोजे आणा : गमबूट जहाजावर मिळतात, पण पायाचे माप आम्हाला आधी कळवावे लागते.