बुडालेल्या भातानं वाढावं की थांबावं?

इगतपुरी-त्र्यंबककडे पावसानं जोर धरला की आवणी पाण्याखाली गेल्याची बातमी येते. ती वाचून शहरात कुणीतरी हमखास म्हणतं, "भाताला काय होतंय? पाण्यातलंच तर पीक!" मुळं पाण्यात चालतात हे खरं, खोडातल्या पोकळ्यांतून हवा खाली पोचते. पण शेंडा बुडाला की बहुतेक वाण आठवडा-दीड आठवड्यात मान टाकतात.

आणि मरतात ते धडपडीनं. रोप सतत एथिलीन वायू सोडत असतं. पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे 10,000 पट हळू पसरतो, म्हणून पेशींतच साचतो. त्यानं जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचा जोर वाढतो. आपले द्राक्षबागायतदार मणी लांबवायला घड ज्यात बुडवतात, ते 'जीए' हेच. रोप उंच ताणू लागतं, पण गढूळ पाण्यात ऊन जेमतेम, त्यामुळे सगळा खर्च साठवलेल्या स्टार्चमधून होतो. पाणी ओसरेपर्यंत नवं पान फुटायलाही काही उरत नाही.

ओडिशाच्या स्थानिक भातातून निवडलेल्या एफआर 13ए या वाणात मात्र 9व्या गुणसूत्रावर सब1ए जनुक आहे. तो 2006 मध्ये ओळखला गेला. एथिलीन साचलं की तो जागा होतो आणि जिबरेलिनला अडवणारी एसएलआर1, एसएलआरएल1 ही प्रथिनं वाढवतो. वाढ थांबते, साठा वाचतो, रोप दोनेक आठवडे तग धरतं. पुष्कळ वाणांत हा जनुक मुळातच नाही.

बांगलादेशातल्या खोल पाण्याच्या भाताची तऱ्हा उलटी. तिथं पूर महिनोन्महिने हटत नाही, थांबून भागणारच नाही. त्याच्या 12व्या गुणसूत्रावरचे स्नॉर्केल जनुक सब1एच्याच कुळातले, जागे होतात तेही एथिलीननंच; पण ते रोपाला दिवसाला 20-25 सेंटिमीटर वाढवतात! वायू एक, हुकूम दोन, आणि ज्या त्या पुरात दोन्ही बरोबर.

2009 मध्ये भारतात स्वर्णा या वाणात सब1ए आणून तयार केलेलं स्वर्णा-सब1 आलं. 'जीएम', म्हणजे प्रयोगशाळेत जनुक घुसवलेलं, म्हणून त्याची भीती घालणं खोटं. ते साध्या संकरातून आलंय, फक्त दर पिढीत डीएनए तपासून रोपं निवडली. 'पूरप्रूफ भात' ही जाहिरातबाजीही तितकीच खोटी. तीन आठवडे पाणी तुंबलं तर तेही जातं.

सगळीकडे अडचण पुराचीच नसते. पेठ-सुरगाण्याच्या वरकस जमिनीत ती ओल टिकत नाही ही. तिथले हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे वाण पाऊस उघडण्याआधी निसवतात, त्यांच्या लोंब्या बाहेर पडतात. खाचरांत इंद्रायणीचा बोलबाला असला, तरी या हळव्यांचं बी दरवर्षी पेरून जितं ठेवायला हवं. डब्यात ठेवलेल्या भाताची उगवण दोन-चार वर्षांत जाते.